डाव्या बाजूचा खिसा

त्या उन्हाळ्यात दोरवाल्याचा खड्डा आटला आणि सगळं तिथून सुरू झालं. नाहीतर ही माणसं कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावाच्या टोकाला घर, घराला लागून दोर वळायची लांब मोकळी पट्टी, तिच्या एका टोकाला चाक. घरात दोरवाला, त्याची बायको, तिची म्हातारी सासू आणि एक पोरगी. पोरगी लहानपणापासून चाक फिरवते म्हणून तिला सगळा गाव भिंगरीच म्हणायचा.

काम तसं सरळ आहे, फक्त नाक दाबून करायचं. बांधावरची घायपाताची पानं कापायची, काटे छाटायचे, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या. पान मऊ झालं की दगडावर ठेवून मोगरीनं बडवायचं, धुवायचं, पुन्हा बडवायचं. हिरवा लगदा वाहून जातो आणि हातात उरतो तो लांब पांढरा धागा. त्याला वाख म्हणतात. वाखाचा दोर पावसात भिजला तरी सडत नाही. पण कुजवलेल्या पाण्याला असा वास सुटतो की जनावरसुद्धा तोंड फिरवतं, आणि अंगाला लागलं की खाज उठते. दोरवाल्याच्या बायकोचे हात कोपरापर्यंत कायम लाल, चट्ट्यांनी भरलेले.

म्हणून तर कुजवायचा खड्डा गावच्या तळ्यापासून लांब, घराच्या मागे. दोरवाल्याच्या बापानं खणलेला. त्यानं खड्डा खणला तेव्हा पाऊसपाणी नीट होतं, त्याला काय माहीत पुढं काय वाढून ठेवलंय! त्या वर्षी खड्ड्याचा तळ दिसला, मग तडकला. कापलेली पानं उन्हात वाळायला लागली. वाळलेलं पान कुजत नाही आणि त्याचा वाख तुटका निघतो.

"थोडे दिवस," दोरवाला बायकोला म्हणाला. "तळ्याच्या त्या कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या आड. कुणाला दिसणार पण नाही."

"अहो, पण तळ्यातलं पाणी जनावरं पितात."

"ती पलीकडून पितात. आणि काय करू मग? पानं चुलीत घालू?"

पहाटे दोघांनी पेंढ्या वाहिल्या, पाण्यात दाबल्या, वर दगड ठेवले. सासूला सांगितलं नाही. म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

आता शाळेचं सांगायला हवं.

शाळा म्हणजे एक लांब खोली आणि पुढं ओसरी. बाई नवीन, तरुण, शाळेशेजारच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. खोलीत भिंतीवर एक जुना छापील तक्ता होता. त्यावर जहाज, अननस, जिराफ असलं काहीबाही. पोरं त्या चित्राकडे बोट करून पोपटासारखी म्हणायची, आणि चित्रावर हात ठेवला की खालचं अक्षर कुणाला ओळखता यायचं नाही. बाई वैतागल्या. त्यांनी तक्ता उतरवून कपाटामागे ठेवला आणि ठरवलं, पोरांना त्यांच्याच तळ्यावरून वाचायला शिकवायचं. तळ्यात काय जगतं, तळं कशानं मरतं, ते वाचायचं, लिहायचं, हातानं चाचपायचं.

भिंगरीचं बोट धरून बाई एक दिवस दोरवाल्याच्या दारात आल्या.

"वहिनी, तुमच्याकडे बारीक सुतळी असते ना? मला अक्षरं करायची आहेत. पोरांनी बोट फिरवलं की बोटाला कळली पाहिजेत."

"अक्षरं? अहो बाई, मला कुठली अक्षरं येतात?"

"मी खडूनं काढून देते. तुम्ही त्याच्यावर सुतळी बसवायची आणि टाके घालायचे. तुमचा हात किती साफ आहे, भिंगरीच्या दप्तरावर पाहिलंय मी."

सासू दारातून म्हणाली, "घे गं, घे. घरची कामं पडलीत, पण तू घे!" म्हातारीचं नेहमीचंच. पण दोरवाला हसला. बायकोच्या हाताचं कौतुक बाहेरच्या माणसानं केलेलं त्याला आवडलं होतं. त्यानं स्वतः बसून वाखाची बारीक, गुळगुळीत सुतळी वळून दिली. म्हणाला, "शाळेत जाणार आहे आपली सुतळी. गाठ राहायला नको."

असं ते काम घरात आलं. एक मोठं निळं कापड, ते तळं. उजव्या बाजूला खिसे, ते तळ्याचे सोबती. डाव्या बाजूला खिसे, ते तळ्याचे वैरी. प्रत्येक खिशात बसेल अशी कापडाची पट्टी आणि पट्टीवर सुतळीचा शब्द. पोरांनी शब्द काढायचा, बोटानं वाचायचा आणि ज्याच्या त्याच्या खिशात परत घालायचा. काही खिसे बाईंनी मुद्दाम रिकामे ठेवायला सांगितले. "पोरं स्वतः बघून येतील आणि सांगतील, ते त्यात घालू."

दुपारी सासू कलंडली की दोरवाल्याची बायको ते कापड मांडीवर घ्यायची. भिंगरी शाळेतून आली की शेजारी बसून सांगायची, "हा मासा. हा बेडूक. आई, हे शेवाळ. हा खेकडा." पोरगी खेळत खेळत सांगत होती आणि आईला हातात सुतळी धरून अक्षर वळवावं लागत होतं. कुठून सुरू होतं, कुठं वळतं, कुठं थांबतं. जे हातानं वळलं ते डोक्यात राहिलं. एक दिवस तिनं डोळे मिटून बोट फिरवलं आणि तिला खेकडा ओळखता आला. बाई गं! तिचं तिलाच हसू आलं. मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि कापड घडी करून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय, आणि म्हातारी म्हणाली असती, आता ही कचेरीत जाणार.

मग ती सकाळ आली. ती एकटीच पेंढ्या उलटायला गेली होती. लव्हाळ्याच्या आत पाणी काळपट, वर फेस. आणि त्या फेसात मासे. बोटाएवढे, पोट वर करून, ढीगभर. काही अजून तोंड उघडमीट करत होते. तिनं दोन्ही हातांनी ते गोळा केले आणि काठावरच्या मातीत पुरले. पेंढ्या उलटल्या. घरी येऊन हात धुतले, चहा केला, नवऱ्याला दिला. सांगायचं होतं. पण तो दाव्यांची मागणी कशी पुरी करायची त्या घोरात होता. उन्हाळ्यात जनावरं लांब चरायला न्यायची, त्यामुळे घरोघर बांधायला दावी लागतात. ती म्हणाली, "पाणी जरा घाण झालंय हो कोपऱ्यात." तो म्हणाला, "होणारच." झालं, विषय संपला.

त्या दुपारी ती कापडाचं शेवटचं काम करत होती. बाईंनी दिलेले सगळे शब्द बसवून झाले होते. साबण, प्लास्टिक, कचरा, सगळे डाव्या बाजूला. सुतळीचा एक तुकडा उरला होता, पट्टीही उरली होती. तिच्या मनात आलं, आपण एक शब्द करावा. आपला, कुणी खडूनं न काढलेला. घरातला कुठला शब्द आपल्याला जमेल? शेवाळातला वा घेतला. खेकड्यातला ख घेतला, त्याच्या डोक्यावरची काडी काढून टाकली. दोन्ही शेजारी मांडले. वाख. आयुष्यात पहिल्यांदा तिनं शब्द लिहिला होता, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून नव्हता. तिनं त्याला इतके बारीक टाके घातले की सुतळी कापडातूनच उगवल्यासारखी दिसायला लागली. मग पट्टी कुठंतरी ठेवायला हवी म्हणून डाव्या बाजूच्या रिकाम्या खिशात घातली. जागा तिथंच होती, असं ती पुढं कितीदा तरी मनाशी म्हणाली.

काढून ठेवीन, असं तिनं ठरवलं होतं, हेही खरं. पण संध्याकाळी कापड न्यायला बाई स्वतःच आल्या, ते बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते तसंच गुंडाळून नेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गावाला शाळेत बोलावलं. पोरं काय शिकली ते बघायला. माणसं आली, ओसरीत दाटीवाटीनं बसली. दोरवाला अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पुढं बसला. सासूसुद्धा आली. कापड भिंतीवर टांगलेलं, आणि खरंच सांगते, दिसत होतं छान. पोरं एकेक करून पुढं जायची, शब्द काढायची, बोट फिरवायची, मोठ्यानं वाचायची. टाळ्या पडत होत्या.

"बेडूक!"

"बगळा!"

"साबण!"

मग जाळेवाल्याची मुलगी गेली. जाळेवाला म्हणजे तळ्यात मासे धरणारा, बायकोमुलांचं पोट त्याच तळ्यावर. गेले कित्येक दिवस त्याची जाळी रिकामी येत होती आणि तो गावभर कारण विचारत फिरत होता. मुलीनं डावीकडच्या खिशातून पट्टी काढली. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"वा... ख. वाख!"

टाळ्या पडल्या नाहीत. गावात वाख एकाच घरी निघतो.

जाळेवाला सावकाश उठला. "वाख? तळ्याचा वैरी?" तो दोरवाल्याकडे वळला. "काय रे, तुझा खड्डा तर आटलाय. मग पेंढ्या कुठं घातल्यास?"

दोरवाल्याचं तोंड पडलं. ते सगळ्यांना पुरलं. पोरंटोरं लव्हाळ्याकडे पळालीसुद्धा. थोड्या वेळानं एक पोरगा पेंढी ओढत घेऊन आला. हिरवट पाणी गळणारी पेंढी शाळेच्या ओसरीत टाकली आणि बायकांनी नाकाला पदर लावले.

दोरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गावावर काढता येईना, म्हणून बाईंवर निघाली. "बाई, हे तुम्ही केलंत? माझ्या घरात येऊन, माझी सुतळी घेऊन, माझ्याच बायकोच्या हातानं? तिला अक्षर वाचता येत नाही म्हणून तिच्याकडून हे शिवून घेतलंत?"

बाई पट्टीकडे बघत होत्या. हा शब्द त्यांनी दिलेला नव्हता, हे त्यांना कळणारच. त्यांनी मान वर केली, खांबाशी उभ्या असलेल्या दोरवाल्याच्या बायकोकडे पाहिलं. तिची नजर स्वतःच्या पायांच्या बोटांवर. तिला वाटलं आत्ता, आत्ता बाई सांगणार.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."

दोरवाल्यानं ती पट्टी मुलीच्या हातातून ओढून घेतली, सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि भिंगरीच्या दंडाला धरून बाहेर पडला. "उद्यापासून शाळा बंद हिची. असली शाळा नको आम्हाला."

पंचांनी त्याच दिवशी सांगितलं, तळ्यात एक पान दिसता कामा नये. ते बरोबरच होतं, त्यात बोलायला जागा नव्हती. दोघांनी पेंढ्या काढल्या. काठावर माणसं बसून बघत होती. कुणी मदत करत नव्हतं, कुणी शिव्याही देत नव्हतं, नुसतं बघत होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती पेंढी उचलायची आणि नवरा खांद्यावर घ्यायचा. वरून एका पोरानं विचारलं, "दोरवाले काका, मासे पण वळता का दोरात?" माणसं हसली. दोरवाल्यानं वर पाहिलं नाही.

अर्धी कुजलेली पानं अशी बाहेर ठेवून चालत नाहीत. मग खड्ड्यात पाणी भरायचं आलं. हातपंपावरून घागरी भरायच्या, गावातून न्यायच्या, तडकलेल्या खड्ड्यात ओतायच्या. जमीन पाणी पिऊन टाकायची. पुन्हा घागर. भिंगरीच्या हातात छोटी कळशी. शाळेची घंटा वाजली की पोरगी थांबायची, कान द्यायची आणि मग चालायला लागायची.

संध्याकाळी सासू ओट्यावर बसून बाईंचा उद्धार करायची. "गोड बोलून घर बुडवलं मेलीनं! वहिनी वहिनी करत आली आणि सुनेच्या अडाणीपणाचा फायदा घेतला. बिचारी माझी सून, तिला काय कळतंय!" आयुष्यात कधी नव्हे ते म्हातारी सुनेची बाजू घेत होती. सुनेला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं.

आणि नवरा! तिचे हात पाण्यात राहून फुटले होते. तो तेलाची वाटी घेऊन बसला आणि तिच्या चट्ट्यांवर बोटानं तेल लावू लागला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

"तू कशाला तोंड पाडून बसतेस? तुझा काय दोष?"

"अहो..."

"तुला काय माहीत त्या शब्दात काय होतं ते. मी सगळ्यांना तेच सांगितलंय. पंचांनाही सांगितलं. म्हटलं, माझ्या बायकोला अक्षर ओळखता येत नाही, तिच्याकडून हे करून घेणारी बाई गावात नको. ते बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शाळेत बसणार आहेत. बाईंची बदली मागणार म्हणालेत."

"आणि भिंगरी?"

"बाई गेल्या की बघू. दुसरं कुणीतरी येईल."

तेलानं चट्टे झोंबत होते. तिला वाटलं, हात ओढून घ्यावा आणि सांगावं. तोंड उघडलं तर म्हणाली, "पुरे आता, तेल संपेल." त्या वेळी तिला स्वतःची इतकी चीड आली की ती उठून चुलीपाशी गेली आणि उगाचच भांडी घासत बसली.

बाई तिला हातपंपावर भेटल्या. बादली घेऊन आल्या होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"तुम्ही खोटं का बोललात?" दोरवाल्याच्या बायकोनं दांडा खाली दाबता दाबता विचारलं. बाईंकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

"तुम्ही घाबरला होतात."

"म्हणून तुम्ही नोकरी घालवणार?"

बाईंनी बादली पंपाखाली सरकवली. "खरं सांगू का, वहिनी? मला त्या क्षणी आनंद झाला होता. सगळं पेटलं होतं आणि माझ्या मनात काय, तर ह्यांनी शब्द लिहिला! लाज वाटते आता. मी तुम्हाला अक्षर शिकवायलासुद्धा बसले नव्हते." बादली भरली तरी त्या उभ्याच होत्या. "मी कुणाला सांगणार नाही. फक्त भिंगरीला पाठवा. ती आत्ता कुठं वाचायला लागली होती."

"तुम्ही गेल्यावर कुणाकडे पाठवू?"

बाई बादली उचलून निघाल्या, पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर सांडत होतं.

त्यानंतर तिनं सांगायचं किती वेळा ठरवलं ते तिचं तिला ठाऊक. मोगरी मारताना ठरवलं. मोगरीच्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून राहिलं. जेवताना ठरवलं, तर सासू समोर. सकाळी तो उठल्या उठल्या सांगू म्हटलं, तर तो खड्ड्यात उतरून भेगांमध्ये माती लिंपत बसला होता, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तिला बघून हसला. या माणसानं सगळ्या गावासमोर तिच्यासाठी शब्द दिला होता. ती खरं बोलली की तो खोटा पडणार. आणि गप्प राहिली की बाई जाणार, पोरगी चाकाला जुंपली जाणार. अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं होतं.

पंच शाळेत बसले तेव्हा ओसरी पुन्हा भरली होती. निळं कापड तसंच भिंतीवर. डावीकडचा तो खिसा रिकामा. बाई एका बाजूला हात बांधून उभ्या. मोठे पंच खाकरले.

"दोरवाल्या, तुझी तक्रार सांग. थोडक्यात सांग, ऊन फार आहे."

"माझं म्हणणं एवढंच," दोरवाला उठून म्हणाला. "पेंढ्या घातल्या ती चूक माझी. काढल्या मी. पण बाईंना काही म्हणायचं होतं तर माझ्या तोंडावर म्हणायचं. माझ्या अडाणी बायकोला फसवून तिच्या हातून माझी बेअब्रू का केली?"

"बाई, काय म्हणता?"

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या.

"झालं तर मग," मोठे पंच म्हणाले. "बदलीचं कळवून टाकू."

"थांबा."

तो आवाज आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं. सगळे वळले होते. ती बायकांमधून वाट काढत पुढं आली. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढं केला. "ती पट्टी द्या."

"कशाला?"

"द्या हो."

पट्टी अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, चुरगळलेली. त्यानं दिली. तिनं ती सरळ केली, सुतळीवर बोट ठेवलं. डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवून तिला ते करताच आलं नसतं.

"वाख," ती म्हणाली. मग भिंतीकडे गेली. एकेका खिशातून पट्टी काढत गेली. "खेकडा. शेवाळ. हे साबण. हा कचरा." तिचा आवाज फाटत होता. "मला वाचता येतं. हे करता करता यायला लागलं. वाख हा शब्द बाईंनी दिला नव्हता. मी लिहिला, मीच इथं घातला. बाईंना ठाऊकसुद्धा नव्हतं."

जाळेवाला मोठ्यानं हसला. "घ्या! आम्ही साक्षीदार शोधत होतो, तर साक्षीदार दोरवाल्याच्याच घरात! काय रे, अडाणी ना बायको तुझी?"

हसू ओसरीभर पसरलं. सासू तोंडावर हात ठेवून बसली होती. दोरवाला उभा होता. त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली होती आणि तो बायकोकडे असं बघत होता की जणू ती कुठल्यातरी दुसऱ्या गावची बाई आहे. ती म्हणाली, "माफ करा," आणि ते हसण्यात बुडून गेलं.

मोठ्या पंचांनी हात वर केला. "पुरे. तक्रार राहिली की मिटली, ते सांग."

"मिटली," दोरवाला म्हणाला. चप्पल घातली आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

घरी सासूनं मात्र सोडलं नाही. "सांगितलं असतंस तर जीभ झडली असती का गं? माझ्यासमोर बसून त्या बाईला घातलेल्या शिव्या ऐकत होतीस!" तिनं ऐकून घेतलं. खरं होतं ते. नवरा बोललाच नाही. जेवला, हात धुतले, बाहेर जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रागावला असता, हात उगारला असता, तर तिनं सोसलं असतं. तो ताटावरून उठताना पेला जागेवर ठेवायचा, सदरा खुंटीला लावायचा, सगळं शिस्तीत, आणि तिच्याकडे बघायचं तेवढं टाळायचा. भिंगरीला मात्र त्यानं शाळेत जाऊ दिलं. सांगितलं नाही, नुसतं दप्तर दाराशी आणून ठेवलं.

पण दावी द्यायची होती, वाख वाळून तयार होता, आणि दोर एकट्यानं वळता येत नाही. एका टोकाला चाक फिरवणारं कुणीतरी लागतं, दुसऱ्या टोकाला दोर ताणून धरणारं, आणि मध्ये वाख पुरवत मागं मागं सरकणारं. एकानं जरी हात सोडला तरी सगळा पीळ उलटा सुटतो आणि केलेलं मातीत जातं. एरवी तोंड फिरवून राहता येतं, दोर वळताना नाही.

शाळा सुटल्यावर भिंगरी चाकाशी बसली. दोरवाल्यानं टोक हाताला गुंडाळून धरलं. बायकोनं ओच्यात वाख घेतला आणि सरकायला लागली. ऊन कललं होतं. चाकाचा करकर आवाज आणि बोटांतून सरकणारा धागा, एवढंच. किती दिवसांनी तिघं एका दोरात आली होती. तिला जरा बरं वाटलं. वाटलं, आता हळूहळू होईल सगळं नीट.

"आई," भिंगरी चाक फिरवता फिरवता म्हणाली, "आज बाईंनी मला सगळे शब्द पुन्हा लावायला दिले. तुझापण."

"हं."

"मी विचारलं, कुठं लावू? तर म्हणाल्या, आईला विचार."

"डावीकडे लाव. जागा तिथंच आहे ना."

"नाही गं. उजवीकडेपण रिकामे खिसे आहेत की. पहिल्यापासून आहेत. तूच तर शिवलेस." पोरगी सहज म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. "मग तू डावीकडे का घातलास?"

वाख बोटांतच राहिला. दोर तिथं पातळ झाला, तुटायला आला. तिनं गावासमोर सगळं सांगितलं होतं, आणि एवढं एक स्वतःपासूनही झाकून ठेवलं होतं. तिला ठाऊक होतं उजवीकडचे खिसे रिकामे आहेत ते. शब्द लिहिल्याचा आनंद खरा होता, आणि त्या आनंदात तिनं हात डावीकडे नेला होता, तोही जाणूनबुजून. नवऱ्याला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, ते तिनं पोरांच्या कापडात नेऊन ठेवलं होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला तो उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मी मासे बघितले होते," ती म्हणाली. भिंगरीला नाही, त्याला. "कोपऱ्यात. मेलेले. पुरले मी ते. तुम्हाला सांगायला हवं होतं, तर मी... तिथं सांगितलं."

हाताला गुंडाळलेला दोर त्यानं सोडला नाही, उलट आणखी एक वेढा घेतला.

"मीपण बघितले होते," तो म्हणाला. "तुझ्या आदल्या दिवशी."

चाक थांबलं होतं. पोरगी एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत होती.

"फिरव गं चाक," दोरवाला म्हणाला. "पीळ सुटतोय."